दिवा लागलेलाच राहतो

या, बसा.

सोलापुरात, अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत ही खोली आहे. पौषातली पहाट. बाहेर अजून अंधार आहे. खिडकी लावली तरी फटीतून गारवा येतोच.

टेबललॅम्पच्या उजेडात एक निळं सर्किट पडलं आहे, बोटभर लांब.

आधी नुसतं पाहा.

मधोमध एक काळा चौकोन, तिरका बसवलेला. करंगळीच्या नखाहून लहान. चारी बाजूंना बारा-बारा पाय, इतके बारीक की मोजायला गेलं तर नजर घसरते.

मोजू नका. नजर त्यांच्यावरून सावकाश फिरू द्या.

हा मायक्रोकंट्रोलर. एसटीएम३२ घराण्यातला, आत कॉर्टेक्स-एम३ गाभा असलेला. त्याच्या शेजारी एक हिरवा दिवा आहे.

दिवा लागतो. विझतो. लागतो. विझतो.

श्वास घ्या.

सोडा.

हा तुमचा एक श्वास, साधारण चार सेकंदांचा. तेवढ्यात या चौकोनाच्या आत घड्याळाचे जवळजवळ २९ कोटी ठोके पडून गेले. सेकंदाला ७ कोटी २० लाख. त्यातला एकही आपल्याला ऐकू आला नाही.

ऐकू येतात ते माग. पलीकडच्या गल्लीत रात्रपाळी अजून चालू आहे. खटक, खटक, खटक. या भागात वाढलेल्या माणसाला या आवाजात झोप लागते. आवाज बंद पडला की जाग येते.

त्या आवाजात थोडं बसा.

मग चौकोनाकडे परत या.

सर्किटच्या एका टोकाला चार पिना आहेत. एक विजेची, एक ग्राउंडची. उरलेल्या दोघींपैकी एक ठेका धरते, दुसरीवरून निरोप जातो आणि येतो. हे एसडब्ल्यूडी, बाहेरून आत डोकावून पाहण्याची वाट. चार वायरी घ्या, हलक्या हाताने एकेक लावा.

दिवा लुकलुकतोच आहे. कुणी जवळ येऊन बसलं आहे, याचा त्याला पत्ताही नाही.

एक काळ होता, सुई टेकवून सर्किट तपासता यायचं. मग सर्किटं दाट होत गेली, सुई टेकवायला जागा उरेना. १९८५ साली या अडचणीवर काम करायला एक गट जमला. जेटॅग हे त्या गटाचंच नाव. १९९० मध्ये त्यांच्या पद्धतीचं आयईईई ११४९.१ हे मानक झालं. बाहेरून हात पोचत नाही, तर तपासणाऱ्याला आतच जागा द्यायची. एसडब्ल्यूडी हे त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल, दोन वायरींत भागवणारं.

इतकं पुरे. पुन्हा पाहा.

काळ्या चौकोनाच्या आत, गाभ्याला लागूनच, सहा छोट्या जागा आहेत. प्रत्येक जागेत एक पत्ता लिहून ठेवता येतो. गाभा एकेक हुकूम उचलत पुढे जातो, आणि प्रत्येक हुकुमाचा पत्ता या सहा जागांसमोरून जातो.

जागा एवढंच विचारते: हाच का?

नाही.

हाच का?

नाही.

पत्ता जुळत नाही तोवर ती गाभ्याला अडवत नाही, त्याची चाल मंदावत नाही. नुसती जुळवून पाहते आणि जाऊ देते.

मी शिकत होतो तेव्हा चूक शोधायला प्रोग्रामलाच बोलायला लावायचो. इथवर पोचलो, असं छाप. आता इथे पोचलो, असं छाप. छापण्यात वेळ जायचा, त्याची चाल बदलायची, आणि जी चूक पाहायची ती नेमकी लपून बसायची. ओळ काढून टाकली की ती परत हजर. कितीतरी रात्री अशा गेल्या. या सहा जागा पहिल्यांदा नीट समजल्या त्या दिवशी मी बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसून होतो.

तुम्हीही हात मांडीवर ठेवा.

आता सहांपैकी एका जागेत पत्ता लिहू. दिवा विझवणारा जो हुकूम आहे, त्याचा.

हाच का? नाही.

हाच का? नाही.

हाच का?

हो.

दिवा लागलेलाच राहिला.

याच्यापाशी थांबा. घाई कसलीच नाही.

विझवण्याचा हुकूम गाभ्याच्या पुढ्यात आहे. अजून पाळलेला नाही. हिरवा उजेड टेबलाच्या लाकडावर पडला आहे, आणि तिथेच आहे.

श्वास घ्या. दिवा लागलेला.

सोडा. दिवा लागलेला.

आत सोळा रजिस्टरं आहेत. शून्यापासून मोजायची. पहिल्या तेरांत हाताशी लागणाऱ्या संख्या ठेवलेल्या आहेत. तेराव्या क्रमांकात स्टॅकचं टोक. पंधराव्यात, आत्ता आपण कुठे आहोत ते.

मी नेहमी चौदाव्यापाशी रेंगाळतो. हाती घेतलेलं काम संपल्यावर परत कुठे जायचं, तो पत्ता तिथे लिहिलेला असतो.

तो वाचा. नुसता वाचा. बदलू नका.

आता जरा कान द्या. सगळं थांबलेलं नाही.

गाभा थांबला, पण टायमर चालू आहेत. वॉचडॉग लावलेला असेल, तर तोही आपला वेळ मोजत राहतो. ठरलेल्या वेळात गाभ्याकडून खूण आली नाही, तर तो सगळं पहिल्यापासून सुरू करील, आणि आपण पाहत होतो तो क्षण पुसला जाईल. त्यांनीही थांबावं असं वाटत असेल तर तसं आधी वेगळं सांगून ठेवावं लागतं. आणि पिनांना मोटर जोडलेली असेल, तर गाभा वाटेल तिथे थांबवूच नये. मोटरमधून वीज वाहत राहते आणि आवरणारा जागेवर नसतो. थांबवण्याआधी काय काय चालू राहणार आहे ते पाहावं.

आपल्या टेबलावर मोटर नाही. एक दिवा आहे.

त्याच्याकडे पाहा.

बाहेर काहीतरी बदललं. ऐका. मागांच्या आवाजातला एक आवाज गेला.

ताण्याचा धागा तुटला असेल. काही मागांवर प्रत्येक उभ्या धाग्यावर पत्र्याची एक अरुंद पट्टी लोंबत असते. धागा ताठ आहे तोवर पट्टी वर. धागा तुटला की ती पडते आणि माग जागच्या जागी थांबतो. मग कुणीतरी वाकून, शेकडो धाग्यांतून तो एक शोधतं. दोन टोकं चिमटीत धरतं. गाठ मारतं.

त्या वाकलेल्या पाठीपाशी थोडं थांबा. तिथला उजेडही या टेबललॅम्पसारखाच पिवळा असेल.

गाठ बसायला वेळ लागतो.

लागू दे.

खटक. खटक, खटक. आवाज परत आला.

आपणही आता एक पाऊल टाकू. एकच हुकूम.

दिवा विझला.

लाकडावरचा हिरवा डाग गेला. डोळ्यांत तो अजून थोडा उरला आहे. तो जाईपर्यंत थांबा.

मग जागेत लिहिलेला पत्ता पुसा. गाभ्याला चालू द्या.

दिवा लागतो. विझतो. लागतो. विझतो.

चारही वायरी काढून घ्या, एकेक करून. आतल्या सहा जागा आहेत तिथेच आहेत, रिकाम्या.

खिडकीबाहेर फटफटू लागलं आहे. टेबललॅम्प मालवा.

काळ्या चौकोनावर बोटाचं टोक अलगद ठेवा. पौषाच्या गारव्यात ते लगेच कळतं.

किंचित कोमट आहे.