सुताराचा गुण्या



1924 साली गांधीजी शस्त्रक्रियेनंतर जुहूच्या किनारी विश्रांतीस होते. तेथे त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासास प्रस्तावना लिहिली. 1910 साली वसलेल्या टॉल्स्टॉय फार्मवर बाके व पेट्या रहिवासी स्वहस्तेच करीत, अशी हकीकत त्या ग्रंथात आहे.

आम्हीही घरी चौरंग करावयास बसलो म्हणजे आमची परीक्षा होते. गुण्या न लावता कापलेल्या पायाचा दोष रंगाने झाकतो; परंतु कोणी बसताच चौरंग डुलू लागतो. आमचे अंतःकरणही तसेच. भार पडला की त्याचा वाकडेपणा उघड होतो.

आमचा प्रभूही सुतार होता (मार्क 6:3). मग हातकामास आम्ही हलके कां मानावे? हे प्रभो, तुझा गुण्या आम्हांस लाव. आमेन.