कारण द्यावे, सबब नव्हे

गोष्टीतला दुष्ट मनुष्य कसा रंगवावा, हा प्रश्न मुलांना गोष्टी सांगणाऱ्या प्रत्येकाला पडतो. एका खेळातही तो पडतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. त्यात एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे तिच्यातील पात्रे होऊन निर्णय घेतात व फासे टाकतात.

नुसता राक्षस उभा केला, तर तो मेला की विसरला जातो. १९८३ साली ट्रेसी व लॉरा हिकमन यांनी ‘रेव्हनलॉफ्ट’मध्ये स्ट्राड हा उमराव निर्माण केला. त्याचे प्रेम तात्यानावर, तिचे मन त्याच्या धाकट्या भावावर. स्ट्राडने भावाचा खून केला. तात्यानाने गडावरून उडी घेतली. खेळाडू त्याला विसरले नाहीत, कारण मत्सर सर्वांच्या ओळखीचा आहे.

मग दुष्टाचे मन समजावून देणे म्हणजे त्याची बाजू घेणे नव्हे काय? मला तसे वाटत नाही. स्ट्राडचे दुःख खरे, पण खुनाचा निर्णयही त्याचाच. दुःख पुष्कळांना होते. सारेच सुरी उचलत नाहीत. म्हणून खलनायकाला कारण अवश्य द्यावे, सबब देऊ नये. राक्षसात आपण स्वतःला पाहत नाही; मत्सरी भावात पाहतो, आणि वेळीच सावध होतो.