उत्तर देणाऱ्या जागा

कोझिकोडला 2023 मध्ये युनेस्कोने साहित्यनगरी म्हणून मान्यता दिली, तेव्हापासून आपल्याकडच्या साहित्यिक गप्पांत एक प्रश्न फिरून फिरून येतो : मग मुंबईला का नाही? मुंबई युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या यादीत 2019 पासूनच आहे, पण चित्रपटनगरी म्हणून. प्रश्न विचारणाऱ्यांकडे उपायही तयार असतो. लेखकांच्या घरांवर फलक लावा, त्यांच्या गल्ल्यांतून वारसा-फेऱ्या काढा, एक नकाशा छापा, चौकांना नावं द्या. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यावर या मागणीला आणखी जोर चढला. मागणी करणाऱ्यांचं भाषेवर प्रेम आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र या सगळ्याच्या बुडाशी जे गृहीत धरलं आहे, ते मला अतिशय उथळ वाटतं. शहराची साहित्यसंस्कृती म्हणजे तिथे राहून गेलेल्या लेखकांच्या पत्त्यांची बेरीज, असं ते गृहीतक आहे.

मुंबईचा वाङ्मयीन इतिहास इथे नव्याने सांगायची गरज नाही. गोविंद नारायण माडगांवकरांनी 1863 मध्ये ‘मुंबईचें वर्णन’ छापलं. पुढे निर्णयसागर छापखाना, गिरगाव, गिरणगाव, दादर, पार्ले ही सगळी नावं वाचकाच्या ओठांवर आहेत. प्रश्न आहे तो या नावांचं आपण काय करायचं, हा.

पत्त्यांचा सिद्धांत खरा असता तर त्याचा सर्वांत भक्कम पुरावा वांद्रे पूर्वेला सापडला असता. साहित्य सहवास ही लेखकांनी लेखकांसाठी उभारलेली वसाहत. विंदा करंदीकर, गंगाधर गाडगीळ, कवी रमेश तेंडुलकर अशी माणसं तिथे शेजारी शेजारी राहिली. एका आवारात इतकी प्रतिभा आपल्याकडे क्वचितच नांदली असेल. आज मात्र महाराष्ट्राबाहेर हे नाव ज्याला ठाऊक आहे, त्याला ते बहुधा रमेश तेंडुलकरांच्या मुलामुळे, सचिनमुळे ठाऊक असतं. यात वसाहतीचा काही दोष नाही. ती राहण्यासाठी बांधली होती आणि लोक तिथे राहिले, इतकंच. विंदांची कविता माणसांपर्यंत गेली ती वसंत बापट आणि मंगेश पाडगावकरांबरोबर त्यांनी गावोगावच्या सभागृहांत केलेल्या काव्यवाचनांतून. श्रोत्यांनी कुठे दाद दिली, कुठे गप्प राहिले, कोणत्या ओळीला पुन्हा म्हणायला लावलं, हे सगळं त्या सभागृहांत घडलं.

आता याच्या उलट टोकाचं उदाहरण घ्या. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहिले. त्यांच्या नावाचा फलक मुंबईत कुठल्या भिंतीवर लावणार? पण त्यांच्या कथा आल्या ‘सत्यकथे’त आणि संग्रह काढले पॉप्युलर प्रकाशनाने, दोन्ही मुंबईचे. मुंबईच्या साहित्यसंस्कृतीतून जी. ए. वजा करून बघा, किती मोठं भगदाड पडतं ते. ज्या माणसाचं घर या शहरात नव्हतं तो या शहराच्या वाङ्मयाचा एवढा मोठा भाग असू शकतो, याचा अर्थ आपण मोजायला घेतलेलं मापच चुकीचं आहे.

गिरगावात खटाववाडीत ‘सत्यकथा’ काढणाऱ्या ‘मौज’चं कार्यालय होतं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन तिथे बसत. तिथे जे व्हायचं ते बघण्यासारखं नव्हतंच. हस्तलिखितं येत, वाचली जात आणि त्यांना उत्तरं जात. कथा कुठे सैल झाली आहे, शेवट का पटत नाही, एखादं पात्र अमुक जागी असं का बोलतं, याची चर्चा करणारी पत्रं. कथा परत यायची, लेखक ती पुन्हा लिहायचा, पुन्हा पाठवायचा. आडगावातला एखादा शिक्षक पोस्टमनची वाट बघत दिवस काढायचा, ते होकारासाठी जितकं, तितकंच आपलं लिखाण कुणीतरी मन लावून वाचलं आहे याच्या खात्रीसाठी. त्या कार्यालयाची अभिरुची अरुंद होती असं म्हणणारे होते आणि त्यांचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही. लघुनियतकालिकांच्या तरुणांनी ‘सत्यकथे’ची होळी केली. माझ्या मते ही होळीसुद्धा त्याच व्यवहाराचा भाग आहे. ज्या जागेकडून उत्तराची अपेक्षाच नसते तिच्यावर कुणी इतकं चिडत नाही.

शहरातल्या साहित्याच्या जागा दोन प्रकारच्या आहेत, असं मला म्हणायचं आहे. एक बघण्याच्या जागा आणि दुसऱ्या उत्तर देणाऱ्या जागा. बघण्याच्या जागेपुढे माणूस उभा राहतो, मान वर करतो, निघून जातो. उत्तर देणाऱ्या जागेत तो काहीतरी घेऊन येतो, मग ती कविता असो, शंका असो की नुसतं कुतूहल, आणि समोरून त्याला काहीतरी परत मिळतं. ग्रंथालयाचं काउंटर, संपादकाचं टेबल, कामगारांसमोरचा फड, चहावर तासन्‌तास बसू देणारं हॉटेल, या सगळ्या वरकरणी वेगळ्या दिसणाऱ्या जागा या एका बाबतीत सारख्या आहेत. फलकवाद्यांच्या नकाशात यांना स्थान मिळतं ते तिथे कुणी मोठा माणूस बसून गेला म्हणून. तिथे अनोळखी माणसाला बसू दिलं जात होतं, हे कारण त्यांना पुरत नाही.

अण्णाभाऊ साठ्यांच्या बाबतीत हा फरक सर्वांत ठसठशीत दिसतो. वाटेगावचा हा मुलगा मुंबईत आला आणि पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिला. ‘फकिरा’सारखी कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला या शहरात वर्षानुवर्षं अशा घरात काढावी लागली. चिरागनगरात स्मारक करण्याच्या घोषणा होत आल्या आहेत. स्मारक व्हावं, माझा विरोध नाही. पण ती झोपडी आपल्या साहित्यसंस्कृतीची खूण आहे असं सांगायला लागलो, तर तो अण्णाभाऊंवर अन्यायच आहे. ती खूण आहे आपण त्यांना कसं ठेवलं याची. त्यांच्या शब्दाला उत्तर मिळालं ते दुसरीकडे. 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. पाळी संपवून आलेला, पाठ धरलेला कामगार समोर बसलेला असायचा. त्याला कंटाळा आला तर तो उठून जाणार. पटलं तर पुढचं कडवं तोच उचलणार. कुठल्याही समीक्षकापेक्षा कडक परीक्षा होती ती आणि ती अण्णाभाऊंनी हजारो माणसांसमोर दिली. त्या मैदानांवर कुठे फलक लावणार? आणि लावला तरी, समोर बसलेली माणसं कुठून आणणार?

माटुंग्याच्या लेबर कॅम्पातून बाबूराव बागूल आले, वडाळ्याच्या सिद्धार्थ विहारच्या खोल्यांत विद्यार्थी कार्यकर्त्यांच्या रात्री-रात्री चर्चा चालल्या, 1972 मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला आणि त्याच वर्षी दलित पँथर उभी राहिली. ‘गोलपिठा’चं नाव घेऊन त्या नावाच्या वस्तीतून फेरी काढणं मला तर असह्य वाटतं. नामदेव ढसाळांनी ज्या माणसांना कवितेत बोलतं केलं, त्यांच्या दारांवरून कॅमेरे घेऊन चालत जायचं आणि त्याला वाङ्मयीन उपक्रम म्हणायचं? जिवंत माणसं राहतात तिथे. त्यांना कुणी प्रेक्षणीय केलेलं नको असतं.

फलकवाद्यांचा सर्वांत चांगला युक्तिवाद असा : घर बघून मुलाच्या मनात कुतूहल जागं होईल आणि तो पुस्तकाकडे वळेल. मी या युक्तिवादाचा बराच विचार केला आहे, कारण तो प्रामाणिक आहे. एखाद्या मुलाच्या बाबतीत असं घडेलही. पण फलकापासून पुस्तकापर्यंतचं अंतर प्रत्यक्ष चालून बघा. रविवारी सकाळी फेरीत तो मुलगा एका नावापुढे उभा राहिला, त्याच्या मनात काहीतरी हललं. आता पुस्तक कुठे? जवळचं वाचनालय रविवारी बंद. सोमवारी ते उघडं असतं तेव्हा तो शाळेत. संध्याकाळी पोचला तर काउंटरवर एकच माणूस, तोच पुस्तकं देणारा, तोच वर्गणी घेणारा, तोच दिवे बंद करणारा, तुटपुंज्या मानधनावर. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड अशी वर्गवारी झाली आणि अनुदानाची व्यवस्था झाली. त्या अनुदानातून कर्मचाऱ्याच्या पदरात काय पडतं हे ग्रंथालय चळवळीतल्या कुणालाही विचारा. जुन्या वाचनालयातलं एखादं पुस्तक उघडा. शेवटच्या पानावर तारखांचा कागद डकवलेला असतो. जांभळ्या शाईचे शिक्के, सुरुवातीला दर आठ-पंधरा दिवसांनी एक, कागद पुरला नाही म्हणून त्यावर डकवलेला दुसरा कागद, मग शिक्के विरळ होत जातात, दोन शिक्क्यांमध्ये वर्ष जातं आणि खाली अर्धा कागद कोरा राहतो. शहराच्या साहित्यसंस्कृतीचा नकाशा मला विचाराल तर तो या कागदावर आहे. जिथे शिक्के थांबले तिथे काय झालं, याचा शोध कुणी घेत नाही, कारण तिथे उभं राहून फोटो काढता येत नाही.

मुंबईत मराठी उरलीच नाही, असं म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांनी आशा सोडून दिली आहे. सगळं मोबाइलवर आलं, जागांची गरज संपली, असं म्हणणाऱ्यांना मोबाइलने त्यांच्या कवितेची चूक कधी दाखवली आहे का, एवढंच विचारावं.

काळा घोडा परिसराची गोष्ट फलकवाद्यांनी नीट ऐकायला हवी. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा 1965 मध्ये तिथून हलवून राणीच्या बागेत नेला. जागेचं नाव तेवढं राहिलं. समोरच्या वेसाइड इन या हॉटेलात कवी अरुण कोलटकर बसत, दर गुरुवारी दुपारी मित्र जमत. खिडकीतून दिसणाऱ्या त्या तिकोनी तुकड्यावरच्या माणसांचं, कुत्र्यांचं, कचऱ्याचं 2004 मध्ये पुस्तक झालं, अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने काढलेलं. पुतळा गेल्यावर सुमारे चाळीस वर्षांनी, म्हणजे बघण्यासारखं तिथे काहीच नसताना! 2017 मध्ये तिथे घोडा पुन्हा बसवला, स्वाराविना. लोक त्याच्याजवळ फोटो काढतात, काढोत. वेसाइड इन मात्र बंद पडलं आणि एखाद्या कवीने वर्षानुवर्षं एकच टेबल धरून बसावं अशी जागा त्या भागात आज मला दिसत नाही. घोडा परत आणता आला. टेबल आणता आलं नाही, आणि आणायचं कुणी मनावरही घेतलं नाही.

उत्तर देणारी जागा जाणीवपूर्वक उभी करता येते याचा दाखला आपल्याकडेच आहे. 1974 मध्ये ग्रंथाली सुरू झाली ती वाचकांची चळवळ म्हणून. वाचक आधी, पुस्तक नंतर. दया पवारांचं ‘बलुतं’ 1978 मध्ये तिथून आलं, लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ 1980 मध्ये. या पुस्तकांना मिळालेलं उत्तर, रागाचं, लाजेचं, कौतुकाचं, महाराष्ट्रभर उमटलं.

1982 च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि त्याच वर्षी ‘सत्यकथा’ बंद पडली. दोन्हींची कारणं वेगळी होती, त्यांना एकात गुंफण्याचा मोह मी टाळतो. तरीही अण्णाभाऊंचा श्रोता आणि श्री. पुं.चं टेबल एकाच काळात नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी काय उभं करायचं याचा विचार या शहराने केला नाही, हे म्हटल्याशिवाय राहवत नाही. उत्तर देणाऱ्या जागांपैकी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय मात्र 1898 पासून उभं आहे, नायगावचं मुख्य ग्रंथालय आणि उपनगरांतल्या शाखा. फलकांसाठी, नकाशांसाठी, युनेस्कोच्या अर्जासाठी जो पैसा उभा राहील त्यातला पहिला रुपया अशा ग्रंथालयांच्या काउंटरवरच्या माणसाच्या पगाराला जावा आणि दारं रात्री नऊपर्यंत, रविवारीसुद्धा, उघडी राहावीत. त्या माणसाने पुस्तकं वाचलेली असावीत आणि समोर आलेल्या मुलाला ‘हे आवडलं का? का नाही आवडलं?’ असं विचारण्याइतका वेळ त्याच्याकडे असावा. हे झाल्यानंतर फलकांची चर्चा करू.