प्रेम माप मोजते का?



खरे प्रेम मोजमाप करीत नाही, असे आपण सहज बोलून जातो. सर्वांना सारखे दिले की न्याय झाला, असेही आपण मानतो. रक्ताच्या कर्करोगावरील एका उपचाराच्या आधारे ह्या दोन्ही समजुती आज तपासून पाहू या.

रक्ताचा कर्करोग आणि रक्ताचे काही जन्मजात आजार ह्यांवर बोन मॅरो म्हणजे मूळ पेशींचे प्रत्यारोपण करतात. आपल्या देशात मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात ते १९८३ साली यशस्वी झाले. दात्याच्या निरोगी पेशी देण्यापूर्वी रुग्णाच्या हाडांतील जुन्या पेशी केमोथेरपीने नष्ट कराव्या लागतात. बुसल्फान हे त्यासाठीचे एक प्रमुख औषध.

आता गंमत नव्हे, गंभीर गोष्ट पाहा. वजनाच्या हिशेबाने दोन मुलांना सारखाच डोस दिला, तरी दोघांच्या रक्तात औषध सारखे राहत नाही. एकाचे शरीर ते लवकर बाहेर टाकते, दुसऱ्याचे सावकाश. औषध कमी पडले, तर नव्या पेशी न रुजण्याचा किंवा आजार परतण्याचा धोका. जास्त झाले, तर यकृतातील बारीक रक्तवाहिन्या बंद पडून जिवावर बेतते. म्हणून ठरावीक तासांनी रक्त तपासून पुढचा डोस कमीजास्त करतात.

२०१६ साली १५ केंद्रांतील ६७४ मुले व तरुण रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या रक्तात औषध योग्य मर्यादेत होते, त्यांच्यापैकी सुमारे ८१ टक्के रुग्ण दोन वर्षांनी आजार न उलटता, नव्या पेशी टिकून जगत होते. औषध कमी पडलेल्यांत हे प्रमाण सुमारे ६६ टक्के, तर जास्त झालेल्यांत निम्म्याच्या आसपास होते.

ॲरिस्टॉटलने हे वेगळ्या उदाहरणाने सांगितले आहे. पहिलवानाला जे अन्न कमी पडते, तेच नवशिक्याला जास्त होते. मध्यम मार्ग म्हणजे सर्वांसाठी एकच आकडा नव्हे. संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या मते ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय. पण ज्याचे त्याला द्यायचे, तर आधी त्याला ओळखायला नको का?

लेकराचे हाल पाहून ‘थोडे कमी द्या’ असे आईला वाटते. ‘जास्त दिले तर आजार मुळापासून जाईल,’ असे बापाला वाटते. दोघांचे प्रेम खरेच आहे. परंतु माप प्रेमाच्या तीव्रतेवर ठरत नाही, ते त्या मुलाच्या रक्तावर ठरते. मध्यरात्री नमुना घेणारी परिचारिका मोजते आहे, म्हणून तिचे प्रेम कमी ठरत नाही. अशी तपासणी सर्वत्र होत नाही. ती गरिबाच्या मुलालाही मिळावी, ही जबाबदारी एकट्या डॉक्टरांची नाही, आपल्या समाजाची आहे.

आणखी एक. माप अचूक असूनही शंभरातील जवळपास एकोणीस जणांच्या वाट्याला यश आले नाही. म्हणून मूल गमावलेल्या आईबापांना ‘कुठे चुकले?’ असे आपण विचारू नये. ज्या मुलांना औषध कमी पडले वा जास्त झाले, त्यांच्याही नोंदींतून पुढच्या मुलांचे माप सापडले आहे. त्यांचे आपण ऋणी आहोत.