आधी विचारणे, मग ठरवणे



यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्तसभेत तक्रार उठली : रोजच्या अन्नवाटपात ग्रीकभाषिक विधवांची उपेक्षा होते (प्रे. कृ. ६). प्रेषितांना स्वतःच माणसे नेमता आली असती. पण त्यांनी सर्व शिष्यांना बोलावून सांगितले, तुम्हीच सात जण निवडा. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत! ज्यांची तक्रार, बहुधा त्यांच्याच हाती वाटप सोपवले गेले.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाची ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेत आली आहे. त्याला वेळ लागतो. पण २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो याच गावाला.

निर्णय हिताचाच असेल, तर विचारायचे कशाला? कारण देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवले, बुद्धी व इच्छास्वातंत्र्य दिले. न विचारता केलेले भलेसुद्धा त्याला लहान करते.

नरसीत आपण मूठभर आहोत, तरी ग्रामसभेत आपलीही जागा आहे. तेथे जाऊ या, बोलू या. आणि चर्चच्या कामात मीही पुष्कळदा आधी ठरवतो, मग तुम्हाला कळवतो. ही माझी चूक. पुढच्या रविवारी मिस्सानंतर थोडे थांबा. आधी मी ऐकेन.

ख्रिस्तात तुमचा,
फादर