हसविणाऱ्याच्या अटी

हास्यासाठी हृदय काही काळ बधिर व्हावे लागते, असे बर्गसाँने मानले. ही बधिरता नेमकी कोणाच्या हृदयाची, हा प्रश्न त्याच्या विवेचनात फारसा उपस्थित होत नाही. ज्याचा अपमान हाच समाजाचा नित्य व्यवहार आहे, असा माणूस अपमान करणाऱ्यांपुढे उभा राहून त्यांना हसवितो, तेव्हा तो त्यांना उघडे पाडतो की दोषमुक्त करतो?

डिक ग्रेगरी (१९३२–२०१७) या कृष्णवर्णीय अमेरिकन विनोदकाराच्या बाबतीत हा पेच ठळक होतो. १३ जानेवारी १९६१ रोजी शिकागोच्या प्लेबॉय क्लबात तो उभा राहिला, तेव्हा समोर गोठविलेल्या खाद्यपदार्थांच्या धंद्यातील, मुख्यतः दक्षिणेकडचे, गोरे लोक होते. वंशभेदावरचेच विनोद त्याने ऐकविले आणि ते हसले. त्या हसण्याने वंशभेद कमी झाला असे म्हणण्यास आधार नाही. ग्रेगरीची नैतिक भूमिका कळते ती दुसऱ्या एका गोष्टीवरून. त्याच वर्षी जॅक पारच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे बोलावणे आले असता त्याने अट घातली: विनोद झाल्यावर यजमानाशेजारच्या कोचावर बसून बोलावयास मिळणार असेल तरच येऊ. काळ्या कलावंताने हसवावे आणि निघून जावे, या शिरस्त्याला हा नकार होता. विनोदाची धार त्यातील शब्दांइतकीच या अटीत आहे.

तमाशाच्या सोंगाड्याला अशी अट घालण्याची सोय नव्हती. पाटला-सावकारांवर तो वाटेल ते बोले, पण दौलतजादा त्यांच्याच हातून येई आणि मुजरा त्यांनाच करावा लागे. उपहासाची मुभा ही येथे देणगी होती, हक्क नव्हे. (बाख्तिनच्या उत्सवी हास्याची कल्पना तमाशाला सरसकट लावणाऱ्यांनी हा मुजरा विसरू नये.) पठ्ठे बापूरावांनी चळवळीसाठी देऊ केलेली तमाशाची मिळकत डॉ. आंबेडकरांनी नाकारली; भीमराव कर्डकांच्या जलशाला मात्र त्यांचे प्रोत्साहन होते. सोंगे, बतावणी, हजरजबाबीपणा दोन्हीकडे होता. फरक पडला तो हसणारा कोण आणि त्याच्याकडून काय घ्यावयाचे, यामुळे.

साकीनाक्याहून निघणारा रस्ता असल्फ्यावरून घाटकोपरला पोचतो. तेथल्या चिरागनगरच्या झोपडीत अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) अनेक वर्षे राहिले. चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात त्यांनी उमेदवारी केली होती. मुजऱ्याचा अर्थ त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नाही. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह ‘लाल बावटा कलापथक’ उभे राहिले, तेव्हा त्यांनी गणेशस्तवनाच्या जागी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणले. सत्यशोधक जलशाने ही वाट आधीच पाडली होती. ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ या लोकनाट्यांत शेटजी हा विनोदाचा विषय राहिला, पण आश्रयदात्याची त्याची जागा गेली. समोर गिरणी कामगार आणि शेतकरी बसले. ग्रेगरीने शत्रूच्या दिवाणखान्यात बैठक मागितली, अण्णा भाऊंनी दिवाणखानाच सोडला. दुसरा मार्ग अधिक निर्मळ दिसतो खरा. तथापि आपल्याच माणसांत शेटजीला हसणे हे शेटजीच्या तोंडावर हसण्याहून सोपे असते, हेही नाकारता येत नाही.

मराठी समीक्षेने ‘फकिरा’ला (१९५९) स्थान दिले, अण्णा भाऊंच्या दारिद्र्याविषयी हळहळ व्यक्त केली, लोकनाट्यांतील विनोदाला मात्र तिने बहुधा प्रचाराच्या खात्यात टाकले. दलिताच्या दुःखाने गहिवरणाऱ्या वाचकाचे आसन शाबूत राहते. शेटजीला हसताना ते तसे राहील याची खात्री नसते.

या स्थलांतराची एक किंमत अजून मोजली गेलेली नाही. अण्णा भाऊंनी गणाबरोबर गवळणही वगळली. त्यामागचा हेतू समजण्याजोगा आहे: गवळणीत बाईचे शरीर प्रेक्षकाच्या नजरेपुढे मांडले जाई आणि ती बाई बहुधा पवळेसारखी दलितच असे. पण पेंद्या जिची वाट अडवी ती मावशी, तिचे फटकळ बोलणे, गवळणींची उलट उत्तरे ही सारी त्याच गवळणीत होती. मुजऱ्यातून मुक्त झालेल्या त्या मंचावर हसविणारा आला; हसविणारीची जागा मात्र गवळणीबरोबरच आक्रसली, आणि तिला कोणती अट घालावयाची होती हे कोणी विचारले नाही.