कुंपणावरची करवंदे

कुंपण ही मालकीची अगदी स्पष्ट भाषा आहे. इथपर्यंत माझे, त्यापुढे तुझे, एवढेच ती बोलते. परंतु कुंपण करवंदीचे असले की चैत्र-वैशाखात या भाषेला अडचण येते. मुळे आपल्या जमिनीत, निम्म्या फांद्या रस्त्यावर. आणि फळे दोन्हीकडे सारखीच काळीभोर. बाहेरच्या बाजूचे करवंद नेमके कोणाचे, हा प्रश्न वरवर पोरकट वाटतो. तो तसा नाही, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे.

करवंदी ही सरळ वाढणारी जात नव्हे. मोकळी सोडली की तिच्या फांद्या वाकून जमिनीशी येतात, शेजारच्या झाडाचा आधार मिळाला तर त्यात घुसतात आणि काही वर्षांत तिची ‘जाळी’ होते. हा शब्दच किती नेमका आहे! तोरणाची कथा याहून पुढची. आपल्या वाकड्या काट्यांनी ते जवळच्या झाडाच्या खांद्यावर चढून बसते. खानापूर-जांबोटीपासून चोर्ला घाटापर्यंत आणि खाली गोव्यात या दोन्ही जाळ्या आपल्या उन्हाळ्याच्या ओळखीच्या. गोव्यात त्यांना कांटां आणि चुन्नां म्हणतात. करवंद फोडून आतला रंग पाहून ‘कोंबडा की कोंबडी’ हा खेळ खेळला नाही असे आपल्या पिढीत फार थोडे निघतील.

पाखरे ही फळे खातात तेव्हा आपण उदार मनाने म्हणतो, ‘खाऊ देत बिचारी.’ या औदार्यामागे मोठी परंपरा आहे. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला आहे. काकबळी, गोग्रास या रूढी आपल्या घरांतून अगदी परवापर्यंत चालत होत्या, काही घरांत आजही चालतात. तथापि मला येथे एक शंका येते. दान द्यायचे तर वस्तू आधी आपली असावी लागते. शिजवलेला भात आपला असतो, म्हणून त्याचा घास काढून ठेवणे हे दान. करवंदाचे तसे आहे काय?

करवंदाचा गर आपल्यासाठी तयार झालेला नाही. कोवळे फळ आंबट, चिकाने भरलेले. बी पक्व होईपर्यंत झाड जणू कोणाला शिवू देत नाही. बी तयार झाली की रंग बदलतो, गोडी येते. ही गोडी म्हणजे वाहतुकीची मजुरी आहे. बुलबुल, कोकीळ, तांबट, रात्री उदमांजर, रानात कोल्हा आणि अस्वल हे सारे ती मजुरी घेतात आणि बी दूर नेऊन टाकतात. करवंदाचे बी फार काळ टिकत नाही, ताजेच पेरावे लागते, हे रोपे करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते; म्हणजे ही वाहतूक वेळेवर होणे झाडाला भागच आहे. हा करार आपण कुंपण घालण्याच्या कितीतरी आधीचा. आपण खड्डा खणला, पहिल्या पावसात रोप लावले, दोन उन्हाळे पाणी घातले, हे खरे. त्या श्रमांचा हिस्सा आपल्याला मिळावा हेही न्याय्य. पण बुलबुल आपल्या दारी याचक म्हणून येत नाही. तो जुना हिस्सेदार आहे.

असे मानले की एक अवघड गोष्ट पुढे येते. लोणच्यासाठी आपण काढतो ती करवंदे कच्ची असतात. त्यांतून पाखराला घास नाही आणि झाडाला बीही नाही. पिकलेले करवंद आपण खाल्ले तर निदान बी थुंकतो! कच्च्या करवंदाच्या लोणच्याविरुद्ध मी बोलतो आहे असे कोणी समजू नये. बेळगावात राहून तसे बोलण्याचे धैर्य माझ्यात नाही. मात्र झाड सबंध ओरबाडणे आणि एका अंगाची काढणे यांत फरक आहे, आणि तो केवळ चवीचा नाही.

ज्याचे घर बागेवर चालते त्याची गोष्ट निराळी. त्याने घड झाकले तर त्याला नीतीचे पाठ देण्याचा अधिकार हौसेने चार झुडपे लावणाऱ्याला नाही. परंतु ‘उपद्रवी’ हा शब्द आपण किती सहज वापरतो तेही पाहावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फलाहारी वटवाघळे कावळ्या-उंदरांच्या पंक्तीत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसवलेली होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. वटवाघळांच्या वागण्यात मधल्या ५० वर्षांत काही बदल झाला होता असे नव्हे.

याउलट, पाखरांना आवडते म्हणून काहीही लावावे हेही खरे नाही. घाणेरीची फळे बुलबुलाला फार प्रिय. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी आणलेले हे झुडूप पाखरांनीच देशभर पसरवले आणि आज रानोमाळ तिच्या गर्दीत स्थानिक रोपांना उजेड मिळत नाही. ती परकी म्हणून मी बोट दाखवीत नाही. काजू, पेरू, मिरची हीही परकीच. आणि पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या मुलखात नांदलेल्या आपल्यासारख्यांनी परकेपणावर फार बोलू नये. आक्षेप आहे तो इतरांना जागा न देण्यावर. पाखराला चारा देणारा त्या बियांच्या प्रवासालाही काही अंशी जबाबदार असतो. करवंद आणि तोरण लावताना ही चिंता आपल्या भागात उरत नाही, कारण ती इथलीच.

आता ज्या प्रश्नाकडे मला खरोखर यायचे होते त्याकडे येतो. बाहेरच्या फांदीवर बुलबुल बसला तर आपण खिडकीतून कौतुकाने पाहतो. त्याच फांदीला रस्त्याने जाणाऱ्या पोराचा किंवा मोळी घेऊन चाललेल्या बाईचा हात लागला, की आतून आवाज येतो, ‘कोण आहे रे तिकडे?’ पाखरांविषयी हळवी असणारी आपली सुसंस्कृत घरे माणसाच्या हातापुढे एकदम सातबारा-उतारा काढून बसतात. खरे तर करवंदाशी त्या बाईचे नाते आपल्याहून जवळचे. घाटमाथ्यावरच्या जाळ्यांतून हात ओरबाडून घेत करवंदे काढायची, पानाच्या द्रोणात भरायची आणि ‘डोंगराची काळी मैना’ म्हणून बाजारात विकायची, हे काम तिच्यासारख्यांनीच आजवर केले. जाळ्या तुटल्या, जमिनींना तारा आल्या, तसा तिचा हिस्सा आटला. बुलबुलाला हिस्सेदार म्हणणाऱ्याने तिला चोर म्हणावे, याला कोणते तर्कशास्त्र?

कोणी म्हणेल, पाखराला समजत नाही, माणसाला समजते. म्हणून माणसाने विचारावे. मान्य. पण विचारायला दार हवे, आणि दाराशी उभे राहण्याची हिंमत व्हावी असे घर हवे. आमच्या वसाहतीत गेल्या काही वर्षांत करवंदीची कुंपणे निघून भिंती उभ्या राहिल्या. काहींच्या माथ्यावर काचा आहेत. भिंतीला काही विचारावेसे कोणाला वाटत नाही.

आमच्या घरात यावर एकमत नाही. धाकट्या पिढीचे म्हणणे, रस्त्याकडचा भाग छाटून टाकावा, म्हणजे प्रश्नच उरणार नाही. तूर्त ठरले आहे ते इतकेच: लोणच्याची करवंदे आतल्या अंगाची काढायची, बाहेरच्या अंगाला विळा लावायचा नाही. गेल्या पावसाळ्यात पलीकडच्या गटाराच्या कडेला, विजेच्या तारेखाली, करवंदीची तीन रोपे उगवली. तारेवर बुलबुल बसतात, तेव्हा ती कोणी आणली हे उघड आहे. त्यांना पाणी कोणी घालायचे, यावर अजून वाद चालू आहे.